प्रमाणपत्राआधी घरची प्रयोगशाळा

पुण्यात हिंजवडी किंवा खराडीत लिनक्स (सर्व्हरवर सर्रास वापरली जाणारी संगणक प्रणाली) वा नेटवर्कच्या कामासाठी मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींना मी आग्रहाने सांगतो, की आधी घरी एक जुना संगणक मांडा. पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून केबल आणि छोटा स्विच (अनेक संगणक एकमेकांना जोडणारी पेटी) आणावा, १६ जीबी रॅमच्या वापरलेल्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स (एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालवणारी प्रणाली) बसवावे आणि त्यावर दोन-तीन आभासी लिनक्स यंत्रे चालवून डीएनएस (नावावरून संगणकाचा पत्ता सांगणारी सेवा), फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारी भिंत) व बॅकअप स्वतः उभे करावेत.

रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए ही प्रमाणपत्र परीक्षा संपूर्ण प्रात्यक्षिक असते. ३०० पैकी २१० गुण लागतात आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर केलेली मांडणी टिकली नाही, तर त्या कामाचे गुण मिळत नाहीत. सुरू होताना कोणत्या डिस्क कुठे जोडायच्या हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमधील एक चुकीची ओळ यंत्राचे सुरू होणेच अडवू शकते, हे पाठांतराने नव्हे, तर अडलेले यंत्र रेस्क्यू मोडमधून (दुरुस्तीसाठीच्या किमान स्थितीतून) स्वतः सावरल्यावरच पक्के कळते. सिस्को या नेटवर्क कंपनीच्या सीसीएनए प्रमाणपत्रासाठी तिचाच पॅकेट ट्रेसर हा नेटवर्कची नक्कल करणारा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. व्हीलॅन (एका नेटवर्कचे वेगळे भाग पाडणे) आणि ओएसपीएफचा (राउटरांनी आपसांत मार्ग ठरवण्याची पद्धत) सराव त्यावर उत्तम होतो. प्रश्नोत्तरांचे तयार संच घोकून मिळवलेल्या प्रमाणपत्राला माझ्या लेखी किंमत नाही.

मुलाखतीत मी हमखास विचारतो, की बॅकअप परत आणून पाहिला होता का. त्याचे उत्तर उमेदवाराच्या वहीत तारखेसह लिहिलेले असावे.