गाडीची शाकारणी

डाव्या सीटवर बसणाऱ्याची पँट ओली व्हायची, म्हणून बायकोने तिथे पॉलिथिनची पिशवी अंथरून ठेवली होती. कुणाला सोबत घ्यायचं तर आधी पिशवीबद्दल सांगायचं, मग दार उघडायचं. अशी दोन वर्षं काढली आम्ही.

गाडी माझदा एमएक्स-५, २००१ची. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमधून १,४०० पौंडांना घेतलेली. दोन माणसं, एक पिशवी आणि वर कापडाचा टप. सतत भुरभुर पाऊस पडणाऱ्या देशात उघड्या टपाची गाडी कशाला, हे मला घरच्या प्रत्येकाने विचारून झालंय. इथले लोक मात्र १२ अंशांचं ऊन पडलं तरी टप मागे टाकून निघतात. या गाडीचे २०१६ सालापर्यंत दहा लाख नग निघाले, त्यामुळे सुट्या भागांची ददात नाही. टपाचं कापडसुद्धा शिवून तयार, मागच्या काचेसकट खोक्यात घरी येतं.

माझ्या टपाला मागच्या काचेजवळ, घडी मोडते तिथे, दोन बोटं चीर होती. आधीच्या मालकाने तिच्यावर काळी चिकटपट्टी लावलेली, तिच्यावर मी, आणि माझ्या पट्टीवर पुन्हा मीच. पाणी तिथूनच येतं याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

दोन ठिकाणी भाव विचारला. एकाने कापड आणि मजुरी धरून ७५० पौंड सांगितले. दुसरा घरी येऊन बसवून देणारा होता. त्याने तीनदा तारीख दिली आणि तिन्ही वेळा सकाळी ‘आज पाऊस आहे’ असा मेसेज पाठवला. पाऊस थांबायची वाट बघत बसलो असतो तर पेन्शनीत गेलो असतो. शेवटी म्हटलं, आपणच करू.

कापडात दोन मुख्य प्रकार. व्हिनाइल म्हणजे आपल्याकडचं रेक्झिन. स्वस्त, पुसायला सोपं, पण थंडीत कडक होतं आणि काही वर्षांनी घडीवर तडकतं. माझं जुनं तेच होतं. दुसरं ‘मोहेअर’. नाव बकरीच्या लोकरीचं, पण टपाच्या या कापडात बकरीचा काही संबंध नाही. वर कृत्रिम धाग्याचं विणलेलं कापड, मध्ये रबराचा थर, आत पुन्हा कापड. दोन कापडांमध्ये रबर घालायची ही युक्ती स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशची. १८२३मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं, आणि इथली म्हातारी माणसं रेनकोटला अजून ‘मॅक’ म्हणतात. म्हणजे गाडीला रेनकोटच घालायचा होता. मी मोहेअर मागवलं, ३८० पौंड. विक्रेत्याच्या यादीत त्याच्या खालीच ‘रेन रेल’ नावाची एक पट्टी होती, ५५ पौंडांची. ती मी काढून टाकली. कापड नवं आल्यावर पाणी आत येणारच नाही, मग पाणी धरायच्या पट्टीला पैसे कशाला, असा माझा हिशेब.

त्याच आठवड्यात बाबा आले. देवरुखजवळच्या आमच्या घराची शाकारणी दर मे महिन्यात ते स्वतः उभं राहून करून घेतात. कौलं उतरवायची, माकडांनी फोडलेली वेगळी काढायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, पुन्हा सगळं चढवायचं. यंदा ते काम काकावर टाकून इकडे आलेले, आणि ते त्यांना टोचत होतं. रोज फोनवर कोन्याची किती कौलं लागली याची चौकशी. माझं खोकं बघून त्यांचा चेहरा खुलला.

“काय काय बदलणार?”

“कापड.”

“आणि पन्हळ?”

“गाडीला कुठलं आलंय पन्हळ, बाबा?”

“अरे, वर पडलेलं पाणी कुठेतरी जात असेल ना? कुठे जातं?”

मी “खाली” म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चहा मागितला.

शनिवारी सकाळी सुरुवात केली. सीटा काढायची गरज नसते असं सांगणारे बरेच भेटतील. काढाच. नाहीतर कंबर वाकवून मागच्या फळीवर काम करताना दुपारपर्यंत ऐंशीचे होता. सीटबेल्टच्या खांबांवरची प्लास्टिकची आवरणं काढली, मागचा गालिचा उचलला. खाली बुरशीचा असा भपकारा आला की बाबांनी नाकाला रुमाल लावला. मागच्या कडेने कापड लोखंडी पट्ट्यांखाली दाबून ओळीने १० मिलिमीटरच्या नटांनी आवळलेलं असतं. हात जेमतेम आत जातो, नट दिसत नाहीत, बोटांनी चाचपून काढायचे. दोन गंजून बसले होते. गंज सोडवायचं तेल मारून तासभर थांबलो तेव्हा एक सुटला, दुसऱ्याचा बोल्टच तुटला. मग काच तापवायच्या तारांच्या दोन पिना सोडवल्या, सांगाड्याचे दोन्हीकडचे तीन-तीन बोल्ट काढले आणि आख्खा टप दोघांनी उचलून बागेतल्या टेबलावर उपडा ठेवला. गाडीवर वाकून कापड सोलत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

सांगाडा उघडा पडल्यावर बाबांनी आडव्या कमानींवरून हात फिरवला. “हे वासे. बरे आहेत.” मग मागच्या कडेची एक लांबलचक प्लास्टिकची पट्टी हातात घेतली. ती तीन ठिकाणी तडकली होती आणि चौथ्या ठिकाणी त्यांच्या हातातच मोडली.

“हे तुझं पन्हळ,” ते म्हणाले. आणखी काही बोलले नाहीत, तेवढी माया केली.

ती रेन रेल होती. तेव्हा पहिल्यांदा मला गाडीच्या छपराची रचना नीट कळली. मी समजत होतो की कापड मागे पत्र्याला घट्ट बसतं आणि पाणी बाहेरच्या बाहेर वाहून जातं. तसं नाहीच. काचेवरून उतरलेलं पाणी कापड आणि पत्रा यांच्या फटीतून आत शिरतं, रेलमध्ये पडतं, रेल ते दोन्ही बाजूंना नेते, तिथे सांगाड्याच्या पायाशी एकेक भोक असतं, आणि भोकाखालच्या नळीतून पाणी मागच्या चाकाच्या पुढे रस्त्यावर पडतं. पाणी आत येणार हे रचणाऱ्याने धरूनच चाललेलं. त्याने फक्त वाट करून दिली होती.

रेल मागवली. ती गुरुवारी आली. तोवर गाडी ताडपत्रीखाली होती. ताडपत्रीच्या गाठी बाबांच्या असल्याने पाच दिवस एक थेंब आत गेला नाही, हे त्यांनी मला रोज सांगितलं.

दुसऱ्या शनिवारी नशिबाने २४ अंश ऊन होतं. नवं कापड हिरवळीवर दोन तास पसरून ठेवलं. थंड कापड ताणलं जात नाही आणि मग टप पुढे काचेपर्यंत पोचतच नाही. जुनं कापड लगेच कचऱ्यात टाकू नका. नव्यावर ठेवून भोकं आणि मधली रेघ खडूने आखून घेता येते. पुढच्या पट्टीचे रिव्हेट ड्रिलने उडवले, जुना डिंक खरवडला. खरवडण्यातच दीड तास गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आता माझी चूक. टपाच्या दोन्ही बगलांना कापडात शिवलेली एकेक बोगद्यासारखी पट्टी असते आणि तिच्यातून एक बारीक तार जाते. टोकाला स्प्रिंग. टप बंद केला की ही तार कापडाची कड सांगाड्याला ओढून धरते, नाहीतर ताशी ७० मैलांवर कापड फडफडतं. उजवीकडची तार मी घातली. डावीकडे डिंक लावून कापड चिकटवलं, हात पुसले, आणि तार टेबलावर पडलेली दिसली.

डिंक होता दोन्हीकडे लावायचा, दहा मिनिटं हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं, असा. दाबलं की पुन्हा सरकवायची सोय नाही. मी सोलायला घेणार तोच बाबा म्हणाले, “थांब. लेंग्यात नाडी कशी घालतात?” कपडे वाळत घालायच्या तारेचा तुकडा, त्याला शेवटी सेफ्टी पिन, पिनेला दोरा, दोऱ्याला गाडीची तार. पाऊण तास लागला, पण गेली.

मग सांगाडा गाडीत. मागे आधी रेल, तिच्यावर कापडाची कड, तिच्यावर लोखंडी पट्ट्या, सगळं त्याच बोल्टांवर. तुटलेल्या बोल्टाच्या जागी नवा घातला. मागची बाजू पक्की झाल्यावरच पुढे ताणायचं. उलट केलं तर मागे सुरकुत्या राहतात. पुढची कड चिमट्यांनी धरून टप एकदा लावून बघितला, खडूची खूण केली, मग डिंक, मग रिव्हेट.

टप पुढच्या काचेच्या चौकटीला दोन आकड्यांनी अडकतो. नव्या कापडाने आकडा दोन इंच मागेच राहिला. हे आकडे स्क्रूसारखे फिरवून लांब करता येतात, ते शेवटच्या आट्यापर्यंत आणले. आतून मी ओढतोय, बाहेरून बाबा दोन्ही हातांनी टपावर भार देतायत, शेजारच्या बाई कुंपणापलीकडून टाळ्या वाजवतायत. खट्ट आवाज झाला. दहा दिवस उघडायचा नाही, कापड आकारात बसू द्यायचं. जूनमधली सगळी उन्हं त्या दहा दिवसांतच पडली.

मंगळवारी रात्री जोरात पाऊस झाला. सकाळी टप आतून कोरडा ठणठणीत. मी फोटो काढून चार जणांना पाठवले. गुरुवारी डाव्या सीटमागचा गालिचा पुन्हा ओला.

खरं सांगतो, मला तिथेच बसून रडावंसं वाटलं. ४६० पौंड, दोन शनिवार, आणि गालिचा ओलाच. बाबा घरातून किटली घेऊन आले. “उजवीकडे ओत.” टप जरा उचलून सांगाड्याच्या पायाशी ओतलं. क्षणात मागच्या चाकापुढे धार लागली. “आता डावीकडे.” ओतलं. काही नाही. आणखी ओतलं. पाणी भोकाशी वर आलं आणि शांतपणे गाडीच्या आत निघालं.

तारेने कोचू नका, नळी सुटून आतच पडू शकते. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉनची दोरी वापरली. आधी काळा चिखल आला, मग कुजलेली पानं, मग शेजारच्या झाडाच्या बिया, त्यांतल्या एकीला मोडसुद्धा आलेला. मी गाडी नेहमी कुंपणाला डावी बाजू लावून उभी करायचो. शेवटी गिळल्यासारखा आवाज झाला आणि तांबूस पाण्याचा लोट चाकापुढे आला. दोन वर्षं बायको ज्या पिशवीवर बसली, तिचं कारण बहुतेक हेच. चीर होती, रेल फुटली होती, हे खरं; पण हे भोक मोकळं करायला शून्य पौंड लागले.

तांबूस रंग मला आवडला नाही. नळी तुंबली की पाणी गाडीत तरी येतं, नाहीतर दाराखालच्या सिलच्या पोकळीत उतरतं आणि पत्रा आतून खातं. या गाड्या इथे टपामुळे भंगारात जात नाहीत, सिलमुळे जातात. जुलैत वार्षिक तपासणी, एमओटी, होती. तपासनीस टपाकडे ढुंकून बघत नाही. पण सीटबेल्ट अडकवल्याच्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास. आमची पास झाली, कागदावर शेरा पडला: ‘डावा सिल, मागे, गंज.’ वेल्डिंगवाल्याने पुढच्या वर्षी ये म्हणून सांगितलंय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी दोन्हीकडे किटली ओततो. रस्त्यावरचे लोक आता विचारत नाहीत.

ऑगस्टमध्ये बाबा निघाले तेव्हा बॅगेचं वजन दोन किलो जास्त भरलं. उघडून बघितलं तर लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांखाली जुना टप, काच कापून काढलेला, नीट घडी केलेला. मी काही म्हणायच्या आत ते म्हणाले, “चांगलं रेक्झिन आहे.”

गेल्या आठवड्यात काकाने फोटो पाठवला. विहिरीच्या पंपावर एमएक्स-५चा टप, चार कोपऱ्यांना दगडाचे चार चिरे, फाटल्या जागेवरची काळी चिकटपट्टी तशीच. एका बाजूला बाबांनी मुद्दाम उतार दिलाय, आणि उताराखाली अर्धा बांबू.