हिरकणीचा कडा अंधारात ठेवा

हिरकणीची गोष्ट कागदी कापकामातून, म्हणजे कापलेले तुकडे थोडे थोडे हलवत एकेक चित्र टिपून, पडद्यावर आणायची म्हटली की पहिल्याच चित्रात सगळा कातळ चांदण्यात न्हाऊन निघतो. रायगड पाहिलेल्याला हे खटकतं. हिरकणी बुरूज गडाच्या पश्चिम टोकाला आहे. कोजागिरीचा चंद्र सूर्य मावळता मावळता पूर्वेला उगवतो. म्हणजे दरवाजे बंद होतात त्या वेळी गडाची सावली नेमकी याच कड्यावर असते, आणि चांदणं पडतं ते लांब, खाली खोऱ्यात. चंद्र जसा वर चढतो, तशी सावली गडाकडे आखडत येते. बाई अंधारात उतरतेय आणि उजेड खालून तिच्याकडे सरकतोय! माझ्या मते पटकथेला एवढं पुरे. निवेदनात ‘काळाकुट्ट कडा’ वगैरे जे जे असेल ते मग काढून टाका, चित्र ते सांगतंच आहे.

मांडणी साधी ठेवा. कॅमेरा वरून सरळ खाली पाहणारा. तळाला कडा रंगवलेल्या कागदाची गुंडाळी, तिच्यावर पाच-सहा सेंटिमीटरवर पहिली काच, तीवर बाहुली. आणखी दहा सेंटिमीटरवर दुसरी काच, तीवर सावलीसाठी निळ्या जिलेटिन कागदाचे दोन थर. कड कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फोकस बाहुलीवर असल्यामुळे वरची फाटकी कड आपोआप धूसर होते. जिलेटिन चकाकतं, म्हणून कॅमेऱ्याभोवती काळं कापड बांधा आणि दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावा. साध्या काचेला हिरवट झाक असते. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून कॅमेऱ्यात करायची जुळणी) दोन्ही काचा जागेवर ठेवूनच करा.

गुंडाळी ३० सेंटिमीटर रुंद, दोन मीटर लांब. सह्याद्रीचा बेसाल्ट थरांचा आहे, तेव्हा काळ्या कातळाच्या आडव्या पट्ट्या आणि मध्ये गवताचे अरुंद पदर, असंच रंगवा. टोकदार सुळके इथे परके दिसतात. दर चित्राला गुंडाळी दोन मिलिमीटर वर सरकवली तर हजार चित्रं होतात. सेकंदाला १२ चित्रं धरून सुमारे ८३ सेकंद. सुरुवात अर्धा, एक, दीड अशी चढत्या मापाने करा, नाहीतर कडा हिसका बसल्यासारखा निघतो. दोन्ही कडांना लाकडी पट्टी आणि मिलिमीटरची टेप हवीच. पावसाळ्यात कागद फुगतो आणि पट्टीत अडकतो.

बाहुली पाठमोरी. कडा उतरताना तोंड कातळाकडे असतं, त्यामुळे अभिनय टाचांचा आणि बोटांचा. नऊवारीचा काष्टा असल्याने मांडी आणि पोटरी वेगळी कापता येते. जाड कार्डाचे तुकडे, सांध्याला मागून गाठ मारलेला दोरा, आणि कापलेल्या पांढऱ्या कडा काळ्या पेनने रंगवलेल्या. एका वेळी एकच हात किंवा पाय हलवा. पाय चाचपडतो ती दहा चित्रं. बोटं टेकतात, खडे सुटतात (जाडसर वाळू, बारीक ब्रशने ढकललेली), पाय मागे येतो. पुन्हा टेकतो. मग कंबर सहा-सात चित्रांत त्या पायावर येते आणि आठ चित्रं काहीच हलत नाही. ही आठ चित्रं गाळली की बाई उतरत नाही, घसरते.

चित्रं लुकलुकली तर आधी लेन्सचं छिद्र तपासा. ते दर क्लिकला नव्याने मिटतं आणि किंचित कमी-जास्त होतं. हाताने छिद्र बसवायची जुनी लेन्स वापरली की हे थांबतं. पंखा बंद. खिडकीलाही काळा कागद.

बाळाचं रडणं मात्र घालू नका. रातकिडे, वारा, आणि खडा पडल्यावर बऱ्याच वेळाने येणारा त्याचा आवाज.