पिएव्हे दी कादोरे येथील चष्म्यांचे संग्रहालय

इटलीची सहल ठरवणाऱ्या कोल्हापूरकरांनी, आणि त्यातही आमच्यासारख्या चष्म्याच्या व्यवसायातील मंडळींनी, व्हेनिसनंतरचे दोन दिवस मोकळे ठेवावेत. उत्तरेला डोलोमाइट पर्वतांमध्ये ८७८ मीटर उंचीवर पिएव्हे दी कादोरे हे लहानसे गाव आहे आणि तेथील संग्रहालय केवळ चष्म्याच्या इतिहासाला वाहिलेले आहे.

मात्र थेट तेथे न जाता वाटेत त्रेव्हिझोला उतरावे. सान निकोलो चर्चलगतच्या मठातील सभागृहात तोमासो दा मोदेना या चित्रकाराने १३५२ मध्ये डोमिनिकन पंथातील विद्वानांची भित्तिचित्रे रंगवली. त्यांतील कार्डिनल ह्यूग यांच्या नाकावर चष्मा आहे आणि चष्म्याचे हे सर्वांत जुने ज्ञात चित्र मानले जाते. ह्यूग यांचे निधन १२६३ मध्ये, म्हणजे चष्मा निघण्यापूर्वीच झाले होते. तरीही वाचणारा विद्वान दाखवताना चित्रकाराला चष्मा द्यावासा वाटला, यावरून ही वस्तू तोवर किती रुळली होती ते कळते. पिसाच्या जोर्दानो या धर्मोपदेशकाने १३०६ मध्ये फ्लोरेन्समधील प्रवचनात चष्मे करण्याची कला निघून अजून वीस वर्षेही झाली नसल्याचे सांगितले होते. हे चित्र आधी पाहिले, तर संग्रहालयातील जुने नमुने अनोळखी राहत नाहीत.

संग्रहालयात शिरताना एकच प्रश्न मनात धरावा: चष्मा टिकायचा कशावर? पहिल्या चष्म्यांत दोन बहिर्गोल भिंगांच्या दांड्या एका खिळ्याने जोडलेल्या असत आणि तो नाकावर चिमटून किंवा हाताने धरून ठेवावा लागे. पुढे कमानी आल्या, कानामागून घ्यायच्या दोऱ्या आल्या. पण कानाच्या बाजूने जाणाऱ्या ताठ काड्या लंडनच्या एडवर्ड स्कार्लेटच्या काळात, म्हणजे १७३० च्या सुमारास रूढ होऊ लागल्या. भिंगांची विद्या मात्र कितीतरी पुढे गेली होती. मिलानच्या ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झाने १४६२ मध्ये फ्लोरेन्सहून तीन डझन चष्मे मागवले, तेव्हा दूरचे पाहण्यासाठी तरुणांचे वेगळे आणि जवळचे पाहण्यासाठी वृद्धांचे वेगळे, असे त्याने स्पष्ट लिहिले होते. रोज गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी वाकवून बसवणाऱ्या आम्हा लोकांना या साध्या भागासाठी चारशेहून अधिक वर्षे लागली, हे काचेच्या कपाटांसमोर उभे राहिल्यावर खऱ्या अर्थाने उमगते. नाकावर चिमटणारे आणि मुठीत धरायचे चष्मे तेथे भरपूर आहेत. माझा सर्वाधिक वेळ त्यांच्या बिजागऱ्या आणि स्प्रिंगा न्याहाळण्यात गेला. चष्म्यांच्या नक्षीदार घरांकडेही दुर्लक्ष करू नये.

हे संग्रहालय या डोंगराळ भागात असण्याला कारण आहे. अँजेलो फ्रेस्कुरा यांनी १८७८ मध्ये शेजारच्या कालाल्झोत चष्म्यांचा कारखाना काढला आणि हुपरीत जशी घरोघरी चांदी घडते तसा पुढे या खोऱ्यात चष्मा घडू लागला. साफिलो ही कंपनी १९३४ मध्ये येथेच उभी राहिली, तर लक्झोटिका १९६१ मध्ये याच जिल्ह्यातील आगोर्दो गावात सुरू झाली. आपल्या दुकानांतील कितीतरी महागड्या फ्रेमांचे मूळ या परिसरात आहे.

आता व्यवस्थेविषयी. शेंगेन व्हिसाचा अर्ज पुरेसा आधी करावा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरून त्याच दिवशीचे विमान पकडण्याचा बेत टाळावा. पावसाळ्यात तर एक दिवस आधीच मुंबई गाठावी. व्हेनिसहून रेल्वेने त्रेव्हिझो आणि कोनेल्यानो मार्गे कालाल्झोपर्यंत जाता येते; बहुतेक वेळा मध्ये गाडी बदलावी लागते. कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रातून शिक्का मारून घ्यावा, अन्यथा दंड होतो. कालाल्झोचे स्थानक खाली आहे आणि संग्रहालय वरच्या अंगाला, त्यामुळे ज्येष्ठांनी बसच धरावी. संग्रहालयाचे दिवस आणि वेळा हंगामानुसार बदलत असल्याने निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. रविवारी बसगाड्या कमी असतात. उन्हाळ्यातही संध्याकाळी स्वेटर लागतो. माहितीफलक वाचण्यासाठी फोनमध्ये भाषांतराचे ॲप आणि खिशात स्वतःची चाळिशी असावी, कारण बारीक कारागिरी तिच्यावाचून दिसत नाही. गावात मुक्काम केल्यास तित्सियानो या थोर चित्रकाराचे जन्मघरही पाहता येते. एका दिवसात परतायचे असेल, तर शेवटच्या गाडीची वेळ कालाल्झोला उतरल्या उतरल्याच पाहून ठेवावी.