कितवं चालू आहे?

रेल्वेत समोर बसलेल्या माणसाच्या हातात कुठलं पुस्तक आहे हे कळावं म्हणून मी काय काय करते, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधते. बाटली मुद्दाम खाली ठेवते आणि उचलायला वाकते. एकदा तर मान तिरकी करून बसले होते, तेव्हा शेजारच्या बाईंनी काळजीनं विचारलं, "मान धरलीय का हो?" एवढं करून बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. परवा लागलं. मुखपृष्ठावर शिडं फुगलेलं जहाज, त्याखाली पॅट्रिक ओब्रायन.

अशा वेळी नाव-गाव नंतर. पहिला प्रश्न ठरलेला असतो, आणि दिवस राहिलेल्या बाईला विचारावं त्याच आपुलकीनं तो विचारायचा असतो.

"कितवं चालू आहे?"

गृहस्थांनी वर पाहिलं. माझ्याहून दहा-एक वर्षांनी मोठे असावेत. हातात आखूड झालेली पेन्सिल, बोट साठाव्या-सत्तराव्या पानात.

"दुसरं."

"म्हणजे अजून जमिनीवरच?"

ते खळखळून हसले आणि पुस्तक मिटलं. माझा पुढचा तास मार्गी लागला.

ज्यांना या विनोदात काही कळलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. ओब्रायननं वीस कादंबऱ्यांची एक मालिका लिहिली. पहिली आली १९६९ साली, विसावी १९९९ साली. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांचा काळ, ब्रिटिश आरमार, आणि दोन मित्र. जॅक ऑब्री हा कप्तान. धिप्पाड, उमदा, समुद्रावर वाघ आणि जमिनीवर पाय ठेवला की कुणीही टोपी घालावी असा. स्टीव्हन मॅट्युरिन हा जहाजावरचा डॉक्टर. बुटका, कुरूप, पक्षी-किड्यांच्या मागे वेडा, आणि गुपचूप गुप्तहेर. तीस वर्षं लेखक या दोघांना घेऊन समुद्रावर होता.

दुसऱ्या कादंबरीची गंमत अशी की सुरुवातीची थोडी पानं सोडली तर तिच्यात समुद्र बराच वेळ येतच नाही. १८०२ साली आमियाँचा तह झाला, लढाई थांबली, कप्तान मंडळी घरी बसली. मग काय, खेड्यातलं घर, नाचाच्या मेजवान्या, उपवर मुली आणि त्यांच्या आया. तोफा ऐकायला आलेला वाचक नाचगाण्यात अडकतो. माझ्या धाकट्या भावानं इथेच पुस्तक मिटलं ते मिटलंच. त्याला किती वेळा सांगितलं, अरे, थोडी कळ काढ, पुढे कप्तानसाहेब अस्वलाचं कातडं पांघरून फ्रान्समधून स्पेनला पायी जाणार आहेत, आणि डॉक्टर दरवेशी होणार आहे! त्याला ते खरं वाटलं नाही. खरं वाटण्यासारखं नाहीच आहे. पण ओब्रायन ते अशा गंभीर चेहऱ्यानं सांगतो की वाचताना आपल्याच अंगाला त्या केसाळ कातड्याचा घाम फुटतो.

आता हे अस्वल समोरच्या गृहस्थांना सांगायचं की नाही? ते साठाव्या पानावर. अस्वल अगदी कोपऱ्यावर येऊन ठेपलेलं. माझ्या जिभेवर आलेलं ते जनावर मी कसं गिळलं ते मलाच माहीत.

मालिकेच्या चाहत्याचं दुखणं हेच आहे. सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि सांगणं हे पाप. एकट्या कादंबरीच्या बाबतीत हा प्रश्न नसतो. तुमची वाचून झालेली असते किंवा नसते. वीस भागांच्या वाटेवर मात्र कुणी कुठे, कुणी कुठे. पुढे गेलेल्यानं मागच्याला हाक मारायची, पण वाटेत काय दिसलं ते बोलायचं नाही. मी अकराव्या भागात होते तेव्हा एका शहाण्यानं बोलण्याच्या भरात सांगून टाकलं की एकोणिसाव्यात कोण जातं. पुढचे आठ भाग मी कादंबरीतल्या त्या माणसाकडे, रिपोर्ट आधी कळलेले नातेवाईक बघतात ना, तशी बघत होते. तो विनोद करी, मला हसू येईना. तो दोरावर चढे, मी मनात म्हणे, जपून रे बाबा. आणि प्रत्यक्षात तो प्रसंग आला तेव्हा एका वाक्यात आटोपला. तोफांच्या गदारोळात एक वाक्य, आणि लढाई पुढे चालू. ते वाक्य बेसावधपणी अंगावर यायला हवं होतं. तो शहाणा अजून माझा मित्र आहे, पण त्याच्याशी मी पुस्तकांबद्दल बोलत नाही.

म्हणून मी सुरक्षित पाण्यातून बोलायला सुरुवात केली. पहिल्या भागाचं पहिलं पान. ते तर यांचं झालेलंच असणार.

"काय सुरुवात आहे ना?" मी म्हटलं.

"आहेच," ते म्हणाले, आणि पेन्सिलनं मांडीवर हलकेच ठेका धरला. अर्धी मात्रा आधी.

त्या पेन्सिलीनं आमची ओळख पक्की केली. १८०० सालचा एप्रिल, मिनोर्का बेट, गव्हर्नरच्या घरी संगीताची बैठक. जॅक तल्लीन होऊन गुडघ्यावर ठेका देतोय, आणि शेजारचा काळा-सावळा किरकोळ माणूस त्याला कोपर मारून सुनावतो की ठेका द्यायचाच असेल तर निदान बरोबर द्या, अर्धी मात्रा पुढे पळू नका. दोघं हातघाईवर येतात, द्वंद्व ठरल्यात जमा. रात्री जॅक खोलीवर येतो तर तिथे पत्र: तुम्हाला जहाज मिळालं आहे. सकाळी रस्त्यात तोच माणूस दिसतो, आणि आनंदानं ओसंडणारा जॅक त्याची माफी मागून मोकळा होतो. वीस कादंबऱ्यांची मैत्री अशी एका चुकलेल्या मात्रेवर उभी आहे. पुढे एक व्हायोलिन वाजवतो, दुसरा चेलो, आणि बाहेर वादळ असो की शत्रू, कप्तानाच्या केबिनमधून सूर येत राहतात, शिवाय किलिक नावाच्या त्यांच्या नोकराची कुरकुर.

मी त्यांना सांगितलं की पहिल्या भागातली ती लढाई, चिमुकल्या जहाजानं भल्यामोठ्या स्पॅनिश जहाजाला पकडायची, ती बनावट नाही. ब्रिटिश आरमारातल्या लॉर्ड कॉक्रेननं १८०१ साली खरोखर केलेला पराक्रम आहे. त्याच्या जहाजावर तोफा १४, समोर ३२. माणसं ५४, समोर ३१९.

"असं होय?" ते म्हणाले.

मी खुलले. मग तो वर्षांचा घोळ सांगितला. ओब्रायननं मालिका सुरू केली तेव्हा ती इतकी लांबेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. हातात जेमतेम पंधरा वर्षांचं युद्ध, आणि निम्मं त्यानं पहिल्या काही भागांतच उडवून टाकलेलं. उधळ्या माणसाला महिनाअखेरीला जाग यावी तशी त्याला जाग आली. दहाव्या भागाच्या आरंभी त्यानं सरळ कबुली दिली की आता १८१२ अ, १८१२ ब अशी कल्पित वर्षं वापरायची वेळ येईल. आपल्या पंचांगात अधिक महिना असतो, यानं अधिक वर्ष काढलं! पुढे कित्येक भाग जहाजं जगभर फिरतात, माणसं कर्जात बुडतात, वर येतात, पण वर्ष काही सरत नाही. इतिहासकाराला यात खोट दिसेल. मला विचाराल तर मालिका वाचणाऱ्याच्या मनातलं गुपितच लेखकानं छापून टाकलं. आम्हालाही ते वर्ष सरायला नकोच असतं.

"असं होय?" ते पुन्हा म्हणाले. फार मन लावून ऐकत होते.

चाहते या नादापायी कुठवर जातात तेही मी सांगितलं. एका मायलेकींनी या कादंबऱ्यांत आलेले सगळे पदार्थ घरी करून पाहिले आणि १९९७ साली त्यांचं जाडजूड पुस्तक काढलं. सगळे म्हणजे सगळे. जहाजावरची पोरं उंदीर खातात, म्हणून कांद्याच्या रश्श्यातला उंदीरसुद्धा. कुणी शिडांच्या दोऱ्यांचा शब्दकोश केला, कुणी नकाशे काढले. २००३ साली सिनेमा आला तेव्हा या लोकांनी दोनदोनदा पाहिला आणि तितक्याच वेळा नाक मुरडलं: स्टीव्हन इतका उंच कसा? कादंबरीतले शत्रू अमेरिकन होते, ते पडद्यावर फ्रेंच कसे झाले? आणि १९९८ साली उघड झालं की आयरिश म्हणून वावरणारा आपला लेखक मुळात आयरिश नव्हताच, त्याचं जन्मनाव रिचर्ड पॅट्रिक रस, तेव्हा काहींना जवळच्या माणसानं फसवल्यासारखं वाटलं. मला नाही वाटलं. नाव बदलून, भूतकाळ झाकून जगणाऱ्या हेराला त्यानं वीस पुस्तकं आतून लिहिलं. ते काय ग्रंथालयात बसून जमतं?

तिसऱ्या भागात जहाज मुंबईला लागतं हे मात्र मी सांगितलं नाही. तिथे डॉक्टरला दिल नावाची एक चुणचुणीत पोर भेटते. ज्यांचं वाचून झालंय त्यांच्यासमोर नुसतं "चांदीच्या बांगड्या" म्हटलं तरी पुरतं, बोलणं थांबतं.

इंग्रजीत या मालिकेचे चाहते वीसच्या वीस भाग पुन्हा पहिल्यापासून वाचण्याला पृथ्वीप्रदक्षिणा म्हणतात. आपल्याकडे त्याला पारायण हा शब्द तयारच आहे, पण प्रदक्षिणाही चालेल. निघालो तिथेच परत यायचं आणि मधल्या वाटेनं पाय दुखलेले असायचे. माझ्या दोन झाल्या. विसाव्यानंतर ओब्रायन लिहीतच होता, आणि २००० सालच्या जानेवारीत डब्लिनमध्ये गेला. टेबलावर राहिलेला अपुरा एकविसावा भाग २००४ साली छापला, त्याच्या हस्ताक्षरातल्या पानांसकट. तो माझ्या कपाटात आहे. मी उघडलेला नाही. का, ते विचारू नका. घरच्यांनी विचारून पाहिलंय.

गाडीचा वेग कमी झाला. गृहस्थ सामान आवरू लागले. मी सहज म्हटलं, "तुम्हाला जॅक-स्टीव्हन सोडून कोण आवडतं?"

"बॉन्डन," ते म्हणाले.

बॉन्डन म्हणजे कप्तानाच्या होडीचा सुकाणू धरणारा. मुठीचा भक्कम, जॅकच्या सावलीसारखा. मी "हं" म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. त्यांनीही विषय वाढवला नाही, तेही बाहेरच पाहत होते.

उतरताना त्यांच्या हातातलं पुस्तक निसटलं आणि उघडं पडलं. मी उचललं. पहिल्या कोऱ्या पानावर एकाखाली एक चार तारखा होत्या. तीन शाईनं, वेगवेगळ्या रंगांत, सगळ्यात वरची पार विटलेली. चौथी पेन्सिलनं, गेल्याच आठवड्यातली.

"अहो, हे काय!" मी म्हटलं. "आणि मी तुम्हाला कॉक्रेन शिकवत बसले!"

"छान सांगत होतात की," ते पुस्तक घेत म्हणाले. "तुम्ही कुठवर आलात ते विचारायचं राहून गेलं. म्हटलं, आपण जपून बोललेलं बरं."

ते फलाटावर उतरले. गाडी हलली तशी मी दाराशी जाऊन ओरडले, "वीस झाले! दोनदा!"

त्यांना ऐकू गेलं असावं. त्यांनी पेन्सिल धरलेला हात वर केला आणि एक बोट दाखवलं. आता राहिलेलं एक उघडा, की पुन्हा एकपासून निघा, ते नीट कळलं नाही.