आमची वाटचाल: गॅस, चुना आणि एडिसनची तळघरं

मिरजेत स्टेशन रोडच्या मागच्या बोळात अण्णांचा सोडावॉटरचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं एवढंच. पत्र्याची शेड, गोटीच्या बाटल्यांचे क्रेट, बाटल्या गोल फिरवत गॅस भरणारं एक करकरणारं मशीन आणि कोपऱ्यात साखळीनं भिंतीला बांधलेले कार्बन डायऑक्साइडचे दोन सिलिंडर. नवा सिलिंडर आला की अण्णा आधी तो वजनकाट्यावर चढवायचे. ड्रायव्हर प्रेशरच्या घड्याळाकडे बोट दाखवून "फुल आहे की अण्णा" म्हणायचा. अण्णा म्हणायचे, "घड्याळ काहीही सांगंल, तू उचलून ठेव काट्यावर." मग वायसर बदलायचा, पान्यानं आवळायचं, साबणाचा फेस लावून बुडबुडा येतोय का ते बघायचं. हे मी दहा वर्षांचा असल्यापासून करत होतो. पुढं न्यू जर्सीत याच कामावर आमचं घर चालेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर अण्णांनी त्याला फुकट लेमन पाजलं असतं.

अमेरिकेत आलो तो सॉफ्टवेअरच्या नोकरीवर. न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या अपार्टमेंटात आधी गोड्या पाण्याची टाकी, मग खाऱ्या पाण्याची, मग प्रवाळ. २००९ मध्ये नोकरी गेली आणि जुन्या व्हॅनमध्ये बादल्या टाकून मी दवाखान्यांतल्या, रेस्टॉरंटांतल्या टाक्या साफ करायला सुरुवात केली. बायको सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजची केमिस्ट्रीची बी.एस्सी. प्रत्येक टाकीची एक वही तिनं घातली: तारीख, कॅल्शियम, अल्कलिनिटी (म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा), मॅग्नेशियम, पीएच. लोक आम्हाला मासे धुणारे समजत होते तेव्हाही या वह्या चालू होत्या. आज आमच्याकडे दोन व्हॅन आहेत, पण धंदा खरा उभा आहे तो वह्यांवर.

साधी रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची टाकी, सांभाळणारे पुष्कळ आहेत. आम्हाला वेगळं काम मिळालं ते दगडी प्रवाळांमुळं. अ‍ॅक्रोपोरासारखे हे जीव पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून स्वतःचा चुन्याचा सांगाडा बांधत राहतात. समुद्र अफाट आहे, त्याला काही फरक पडत नाही. १८० गॅलनच्या टाकीला पडतो. कॅल्शियम ४२० पीपीएमच्या (दहा लाखांत ४२० भाग) आसपास आणि अल्कलिनिटी ८ डीकेएचच्या (हे तिचं माप) आसपास ठेवायची, तर रोज गेलेलं रोज भरावं लागतं. गमतीची गोष्ट अशी की अल्कलिनिटी १ डीकेएच उतरली, तर तिच्याबरोबर कॅल्शियम जेमतेम ७ पीपीएम उतरतं. म्हणून नवखा माणूस कॅल्शियम मोजून निर्धास्त राहतो आणि अल्कलिनिटी हळूच साडेपाचवर आलेली असते. बायको नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी एवढंच सांगते: एकच किट घेणार असाल तर अल्कलिनिटीचं घ्या.

भरायचे तीन मार्ग. पहिला आपल्या आजीचा: चुन्याची निवळी. लहान मुलांना चमचाभर द्यायचे तीच. तिचा पीएच बाराच्या वर असतो, म्हणून वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी थेंबाथेंबानं सोडायची. दुसरा मार्ग दोन बाटल्यांचा. एकीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत सोडा. तिसरा कॅल्शियम रिअ‍ॅक्टर. ही कल्पना १९९० च्या दशकात जर्मनीतून पसरली आणि ती इतकी सरळ आहे की अण्णांना फोनवर दोन मिनिटांत कळली. नळकांड्यात प्रवाळाच्या सांगाड्याचे जाड तुकडे भरायचे, टाकीचं पाणी त्यातून फिरवायचं आणि त्या पाण्यात गॅस सोडायचा. पाणी आंबट होतं, पीएच साडेसहाच्या आसपास येतो, तुकडे विरघळतात आणि विरघळलेला चुना घेऊन पाणी थेंबथेंब संपमध्ये परत जातं. (संप म्हणजे टाकीखालची टाकी. मुंबईच्या गिरणीतला नव्हे.) अण्णा म्हणाले, "म्हंजे तू दगडाचा सोडा करतोस की!"

पहिला रिअ‍ॅक्टर आम्ही बसवला तेव्हा आमची सगळी नजर नळकांड्यावर. अ‍ॅक्रिलिक किती जाड, रंग कुठला, पंप कुठल्या कंपनीचा. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरचा दाब उतरवणारी तोटी, घेतला स्वस्तातला, सिंगल स्टेज (दाब एकाच पायरीत उतरवणारा), वर सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी झडपसुद्धा नाही. ही चूक आम्हाला दोनदा महागात पडली.

पहिल्यांदा सँडीच्या वेळी. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री वादळ किनाऱ्यावर आलं आणि आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. एका गिऱ्हाइकाकडे छोटा जनरेटर होता, त्यावर हीटर आणि एक पंप चालवला. रिअ‍ॅक्टर बंदच, त्यामुळं त्याचा विचारही आला नाही. पण गॅसला विजेची गरज नसते. मिनिटाला चाळीसेक बुडबुडे, तासामागून तास. नळकांड्यातलं पाणी गॅसनं बाहेर ढकललं आणि मग गॅस नळीवाटे थेट संपमध्ये सुटू लागला. चौथ्या दिवशी मी पोचलो तेव्हा टाकीचा पीएच ७.६ होता. वीज आली तसा रिअ‍ॅक्टरचा पंप कोरडा फिरून जळला. प्रवाळ वाचले ते केवळ नशिबानं. वीज गेली की आपोआप मिटणारा सोलेनॉइड असता, तर यातलं काहीच झालं नसतं.

दुसरी वेळ वाईट होती. एका दाताच्या दवाखान्यातली २४० गॅलनची टाकी, आमची सगळ्यात देखणी. सोमवारी सकाळी तिथल्या रिसेप्शनिस्टचा फोन आला की पाणी "फेसाळलंय". जाऊन बघतो तर बुडबुडे मोजायच्या नळीत बुडबुडे नव्हतेच, सलग धार होती. अ‍ॅक्रोपोराचं मांस फांद्यांवरून उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखं सुटत होतं. आठवडाभरात अकरा प्रवाळ पांढरे पडले. नुकसान आम्ही भरून दिलं. त्या वर्षी मिरजेला जायची तिकिटं काढली नाहीत.

कारण समजून घ्यायला मला दोन रात्री लागल्या. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. जोवर आत थोडाही द्रव आहे, तोवर दाब द्रवाच्या वजनावर ठरत नाही, तापमानावर ठरतो. २१ अंशांना साडेआठशे पीएसआयच्या आसपास, मग सिलिंडर भरलेला असो की अर्धा. १० पौंडांच्या सिलिंडरमध्ये साधारण ३ पौंड उरले की द्रव संपतो आणि तेव्हा कुठं घड्याळाचा काटा उतरू लागतो. सिंगल स्टेज रेग्युलेटरची खोड अशी की आतला दाब उतरला की बाहेरचा दाब चढतो. सुई-व्हॉल्व्ह (गॅस बारीक सोडणारी झडप) आपण नेहमीच्या दाबाला लावलेला, त्यातून मग धार सुटते. टू-स्टेज रेग्युलेटरमध्ये दुसरी पायरी हा चढ गिळून टाकते. अण्णा तीस वर्षं सिलिंडर का जोखत होते, ते मला न्यू जर्सीत अकरा प्रवाळ मारून कळलं.

तेव्हापासून आमच्या व्हॅनमध्ये एक वजनकाटा असतो. सिलिंडरवर रिकामं वजन ठोकलेलं असतं, ते वजा करायचं आणि वहीत लिहायचं. ३ पौंड उरले की बदलायचा, घड्याळ काहीही म्हणो. यातली उलटी गंमतही होते. जानेवारीत एकाचा घाबरून फोन आला, "काटा पाचशेच्या खाली आला, गॅस संपला!" त्यानं सिलिंडर गॅरेजमध्ये ठेवला होता आणि नळी भिंतीतून आत घेतली होती. बाहेर शून्य अंश. मी म्हटलं, आधी जोखा. सिलिंडर जवळजवळ भरलेला निघाला.

तळघराबद्दल इथं सांगायलाच हवं, कारण आमच्या निम्म्या टाक्यांचा संप तळघरात आहे. १० पौंड गॅस एकदम सुटला तर १२ बाय १६ फुटांच्या, ८ फूट उंच बंद खोलीत हवेतला कार्बन डायऑक्साइड पाच टक्क्यांच्या पुढं जातो. चार टक्के ही पातळीच जिवाला तत्काळ धोका असलेली मानतात. हा गॅस हवेहून जड, तळाशी साचणारा. म्हणून सिलिंडर भिंतीला बांधलेला, अलार्म लावलेला, सिलिंडर बदलताना दर वेळी नवा वायसर आणि साबणाचा फेस. यावर गिऱ्हाईक हुज्जत घालू लागलं तर आम्ही काम घेत नाही. सिलिंडरची पाच वर्षांची दाबचाचणी उलटली असेल तर भरणारा भरून देत नाही, म्हणून वहीत तीही तारीख असते.

निवड कशी करतो असं विचारतात, तर कोटेशनचा क्रम आम्ही उलटा केलाय. आधी टू-स्टेज रेग्युलेटर, चांगला सुई-व्हॉल्व्ह, सोलेनॉइड आणि गॅस न झिरपणारी पॉलियुरेथेनची नळी. सिलिकॉनची नळी मऊ असते, हाताला बरी वाटते, पण तिच्या भिंतीतून गॅस निसटतो. मग पाण्याची धार. पूर्वी आम्ही मुख्य पंपाच्या फाट्यावर छोटा कॉक बसवून थेंब मोजायचो. आठवड्यात त्यात चुना साचायचा, थेंब अर्ध्यावर यायचे आणि गॅस मात्र तेवढाच. आतलं पाणी मग इतकं आंबट व्हायचं की तुकड्यांचा लगदा. आता सतत चालणारा पेरिस्टाल्टिक पंप (नळी दाबत-दाबत मोजकं पाणी ढकलणारा) बसवतो. महाग आहे, पण आकडा लावला की महिनोन्महिने हलत नाही. नळकांडं सगळ्यात शेवटी. साधं, उघडायला सोपं आणि मागं दुसरं छोटं नळकांडं जोडता येईल असं. उरलेला गॅस त्या दुसऱ्यातल्या तुकड्यांवर खर्ची पडतो आणि टाकीत जाणारं पाणी थोडं कमी आंबट होतं.

आकडेमोड बायको करते. १८० गॅलनची टाकी आणि संप मिळून समजा ७०० लिटर पाणी. आठवडाभर काहीही न भरता मोजलं, रोज १.५ डीकेएच उतरतंय. रिअ‍ॅक्टरमधून ३० डीकेएचचं पाणी येतंय, टाकी ८ वर, म्हणजे लिटरमागे कमाई २२. ७०० गुणिले १.५ भागिले २२: दिवसाला ४८ लिटर, मिनिटाला ३३ मिलि. यावरून पंप ठरतो. एवढा चुना म्हणजे वर्षाला पावणेसात किलोच्या आसपास. यावरून नळकांड्याचा आकार ठरतो. विक्रेत्याच्या खोक्यावर "अमुक गॅलनपर्यंत" असं लिहिलेलं असतं त्याला अर्थ नाही. मऊ प्रवाळांची ३०० गॅलनची टाकी दगडी प्रवाळांच्या १०० गॅलनच्या टाकीहून कमी खाते.

पीएच कंट्रोलरबद्दल आमच्या घरातच दोन मतं होती. मला वाटायचं, त्यानंच दिवसभर गॅस चालू-बंद करावा. बायकोचं म्हणणं, प्रोब (पीएच मोजणारी कांडी) म्हातारा होतो आणि खोटं बोलू लागतो. शेवटी तिचंच ऐकलं: रोजचं काम सुई-व्हॉल्व्हनं करायचं आणि कंट्रोलर ६.४ ला गॅस तोडणारा राखणदार. प्रोब दर महिन्याला तपासायचा, दीड वर्षात फेकायचा.

इथल्या हिवाळ्यानं आणखी एक धडा दिला. डिसेंबरपासून खिडक्या बंद, हीटिंग चालू, पाहुणे, दोन कुत्रे. घरातल्या हवेतच कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि त्यात रिअ‍ॅक्टरचं आंबट पाणी. टाकीचा पीएच ७.८ च्या खाली. पहिल्या वर्षी आम्ही रिअ‍ॅक्टरलाच शिव्या घातल्या. आता स्किमरची (फेसातून पाण्यातला मळ काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी भिंतीतून बाहेर काढतो आणि रात्री वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी चुन्याची निवळी सोडतो. ती तो जादा गॅस शोषून घेते. आजीचं औषध आणि अण्णांचा गॅस एकाच संपमध्ये.

२०१८ मध्ये इंडोनेशियानं प्रवाळांची निर्यात थांबवली तेव्हा बाजार गडबडला. आमच्या वह्यांमधल्या टाक्यांना मात्र भाव आला, कारण तोडून वाढवलेले तुकडे आमच्याच गिऱ्हाइकांकडे होते. ते एकमेकांना विकू लागले आणि पत्ता विचारताना "टाकी कोण बघतं?" हेही विचारू लागले. तेवढ्यात दुसरी व्हॅन आली.

पुण्या-मुंबईहून अधूनमधून फोन येतात, "आम्हाला पण रिअ‍ॅक्टर पाठवा." त्यांना मी आधी कायदा सांगतो. भारतात २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला मेलेला तुकडासुद्धा त्यातून सुटत नाही. मऊ प्रवाळांच्या टाकीला रिअ‍ॅक्टर लागत नाही. तिथं पाणी बदलणं आणि थोडा सोडा पुरतो.

गेल्या शनिवारी एक तरुण मुलगा आला, नगरकडचा, नुकताच जॉबला लागलेला. ४० गॅलनची टाकी, चार छोटे प्रवाळ आणि हातात हजार डॉलरच्या सामानाची यादी, रिअ‍ॅक्टरसकट. "काका, हे सगळं तुमच्याकडूनच घेतो," म्हणाला. बायकोनं त्याची यादी घेतली, त्याच्या पाण्याची अल्कलिनिटी मोजली, किराणा दुकानातल्या खाण्याच्या सोड्याचं नाव लिहून दिलं आणि एक कोरी वही हातात ठेवली. वहीचे दोन डॉलर घेतले. पुढच्या शनिवारी आकडे घेऊन ये म्हणालीये.