गाव शेवटी, आधी ठाणं: बेने इस्रायली मुळांच्या शोधात

बेने इस्रायली म्हणजे कोकणात पिढ्यानपिढ्या राहिलेले मराठी बोलणारे ज्यू. इस्राएलहून एक्सचेंजवर मुंबईत शिकायला आलेलं अशा घरातलं पोर आपल्या ठाण्यात राहायला आलं, की त्याला आधी आजीचं गाव बघायचं असतं. माझं म्हणणं उलट आहे. गाव शेवटी. आधी ठाण्यातले कागद आणि दगड वाचा, नाहीतर अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फोटो काढून परत यायचं, एवढंच होतं.

त्याआधी सरकारी काम उरका. व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर उतरल्यापासून 14 दिवसांत ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी लागते. त्यात अडतं ते पत्त्यापाशी, कारण परदेशी पाहुणा राहायला आल्याचं कळवणारा, घरमालकाने 24 तासांत भरायचा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) भरलेलाच नसतो. डिपॉझिट देण्याआधीच त्याला विचारून घ्या. ओसीआय कार्डवाल्यांना (मूळ भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) नोंदणीची कटकट नाही, पण संशोधन करायचं असेल तर वेगळी परवानगी काढावी लागते.

आता टेंभी नाका. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून चालत गेलं की पंधरा-वीस मिनिटांत शार हाशामायिम, 1879 चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. बंदोबस्त असतो, म्हणून आधी कळवून आणि मूळ पासपोर्ट घेऊन जा. शनिवारी प्रार्थनेला जरूर बसा, पण शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या या दिवशी, लिहिणं, फोटो काढणं, फोन वाजवणं चालत नाही. चौकशीसाठी दुसरा वार धरा.

चौकशीत फसवतात ती नावं. जुन्या पिढ्यांची नावं मराठी वळणाची होती: सॅम्युएलचा सामाजी, अब्राहमचा अबाजी, यहेज्केलचा हसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये बांधणारे सॅम्युएल यहेज्केल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी. त्यामुळे इंग्रजी कागदावरचं नाव आणि घरात बोललं जाणारं नाव, दोन्ही लिहून न्या. आडनावाचंही तसंच. पेणकर पेणचे, किहीमकर किहीमचे, रोहेकर रोह्याचे हे खरं, पण ते कितीतरी पिढ्यांमागचं गाव. खुद्द आजी पनवेलला जन्मलेली असू शकते, आणि तिचं माहेरचं आडनाव कळल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळाला तर सोन्याहून पिवळं, त्यात जन्मगाव असतं.

मग दफनभूमी. जुन्या दगडांवर हिब्रू आणि देवनागरी दोन्ही सापडतात. पाहुण्याला हिब्रू येतं, तुम्हाला मराठी. म्हणून दोघांनी मिळूनच जावं. साल हिब्रू अक्षरांत असतं आणि त्यात पाच हजार बहुधा गाळलेले असतात. अक्षरांची बेरीज करा आणि 1240 मिळवा. समजा तव, रेश, त्सादी आहेत: 400 अधिक 200 अधिक 90 म्हणजे 690, म्हणून 1930. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, तेव्हा मृत्यू त्या सुरुवातीपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या महिन्यांतला असेल तर एक वजा करा. पुसट अक्षरांवर खडू घासू नका, तारेचा ब्रश किंवा अ‍ॅसिड तर नकोच. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि बाजूने तिरका धरलेला टॉर्च. सावली पडली की अक्षरं उठून दिसतात.

कागदांवर 'जिल्हा कुलाबा' दिसलं तर मुंबईतल्या कुलाब्याला धावू नका. तो म्हणजे आजचा रायगड. नाव 1981 मध्ये बदललं. मोडीतला कागद निघाला तर वाचून देणारा शोधा, अंदाज बांधू नका.

एवढं झालं की मग अलिबाग. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने पनवेल, तिथून पेण-वडखळमार्गे एसटी. वडखळला सुट्टीच्या दिवशी हमखास खोळंबा. गेटवेवरून मांडव्याची लाँच छान, पण पावसाळ्यात बंद. शहरात मागेन आबोथ सिनेगॉग आहे. उत्तरेला नवगाव: परंपरेनुसार जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचा हा किनारा. तिथे स्मारक आहे. अलिबागजवळच्याच खंडाळ्याजवळ (लोणावळ्याकडचं खंडाळा नव्हे) एलियाहू हानबीचा, म्हणजे प्रेषित एलियाहूचा, खडक आहे. त्याच्या रथाच्या चाकाचा म्हणून दाखवला जाणारा चरा बघायला सकाळी जा, दुपारच्या उन्हात खडक सपाट दिसतो. लोक इथे मलिदा करतात: भिजवलेले पोहे, चिरलेला गूळ, ओलं खोबरं, वेलची, सोबत निरनिराळी फळं. पोहे आधी निथळून घ्या, कारण गूळ घातला की पाणी सुटतं आणि लगदा होतो.