प्रीव्ह्यू अपडेट आणि शंभर एमबीचे पार्टिशन : माझा अनुभव

विंडोज ११ ची २५एच२ ही आवृत्ती ३० सप्टेंबर २०२५ रोजी सर्वांसाठी खुली झाली. त्याच्या महिनाभर आधी, २९ ऑगस्टला, ती इन्सायडर कार्यक्रमाच्या (नव्या आवृत्त्या आधी वापरून पाहण्याची मायक्रोसॉफ्टची योजना) रिलीज प्रीव्ह्यू चॅनेलमध्ये आली होती आणि मी ती तेव्हाच घ्यायचे ठरवले होते. माझ्या लॅपटॉपवर ती चढेपर्यंत जो वेळ गेला, त्यातला फारच थोडा डाउनलोड आणि इन्स्टॉलमध्ये गेला. बाकीचा सगळा इंदूरमधल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपुढे गेला. तिथे मला जे सांगण्यात आले ते चुकीचे होते, आणि तेच आजही इतरांना सांगितले जात असेल या विचाराने मनस्ताप होतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रीव्ह्यू घेण्यामागे नुसती हौस नव्हती. राजेंद्र नगर आणि सुदामा नगर भागातल्या ओळखीच्या अनेक ज्येष्ठ मंडळींचे संगणक मी सांभाळतो. कोणी मंडळाची पत्रके टाइप करतात, कोणी कुलवृत्तांताचे काम हाती घेतले आहे, एक काका रोज सकाळी दैनंदिनी मराठीतच लिहितात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि विंडोज ११ च्या २३एच२ आवृत्तीची घरगुती वापरासाठीची मुदत ११ नोव्हेंबरला. म्हणजे ऐन दिवाळीच्या आगेमागे या सगळ्यांना नव्या आवृत्तीवर न्यावे लागणार हे उघड होते, आणि देवनागरीचे काम तिथे नीट चालते की नाही हे त्यांच्या आधी मी स्वतःच्या यंत्रावर पाहणे मला आवश्यक वाटत होते.

नावनोंदणीत काहीच अडचण आली नाही. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या खाली इन्सायडर कार्यक्रमाचे पान असते. तिथे आपले खाते जोडायचे, ऐच्छिक निदान माहिती पाठवण्याची परवानगी द्यायची, कारण तिच्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि चॅनेल निवडायचे. मी रिलीज प्रीव्ह्यू निवडले. डेव्ह किंवा कॅनरी हे अधिक कच्च्या आवृत्त्यांचे चॅनेल घेतले आणि नंतर बाहेर पडावेसे वाटले तर बहुधा यंत्र कोरे करून विंडोज पुन्हा टाकावी लागते, तर रिलीज प्रीव्ह्यूमधून पुढची आवृत्ती सर्वांसाठी येताच काहीही न पुसता बाहेर पडता येते. ज्याच्याकडे कामाचा एकच लॅपटॉप आहे त्याने या बाबतीत धाडस करू नये.

आता अडले कुठे ते सांगतो. ज्यांच्याकडे २४एच२ आधीपासून आहे त्यांना २५एच२ म्हणजे एक लहानसे पॅकेज आणि एक रीस्टार्ट, कारण दोन्हींचा पाया एकच आहे. माझ्या लॅपटॉपवर मात्र २३एच२ होती, त्यामुळे पूर्ण आवृत्ती बदलणे आले. डाउनलोड झाले, आणि पुढच्या टप्प्यावर सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन (यंत्र सुरू करणाऱ्या फायलींसाठी डिस्कवर राखलेला छोटा भाग) अद्ययावत करता आले नाही असा संदेश देऊन अपडेट थांबले. पुन्हा प्रयत्न केला तरी तेच. लॅपटॉपची वाढीव वॉरंटी शिल्लक होती, म्हणून तो उत्पादक कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेला.

टोकन घेऊन बसल्यावर बऱ्याच वेळाने माझा क्रमांक आला. संदेशाचा फोटो मी मोबाइलवर दाखवला. काउंटरवरच्या इंजिनिअरने तो पाहिला न पाहिला आणि जॉब शीटवर ‘ओएस करप्ट’ असे लिहून टाकले. विंडोज व्यवस्थित चालू आहे, फक्त अपडेट होत नाही, हे मी सांगत असताना त्यांची पुढची ओळ लिहून झाली होती : ‘फॉरमॅट, डेटा की जिम्मेदारी कस्टमर की’. मी त्या ओळीवर सही करण्यास नकार दिला आणि आधी केवळ तपासणी करावी असे लिहून घेतले. तपासणीचे शुल्क वॉरंटीत बसत नाही असे सांगून ते वेगळे भरून घेण्यात आले.

त्यानंतर कधी ‘सीनियर रजेवर आहेत’, कधी ‘पोर्टल बंद आहे’ असे ऐकत दिवस गेले. एकदा फोन आला की बायोस (यंत्र सुरू करणारी मूळ प्रणाली) रीसेट केल्यावर निळा पडदा आला आहे. तिथे गेलो तर इंजिनिअर म्हणाले, “सर, बिटलॉकर लग गया है, अब तो डेटा जाएगा.” बिटलॉकर म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय. तिची रिकव्हरी की ४८ अंकांची असते आणि ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मी ती प्रीव्ह्यूला नाव देण्यापूर्वीच कागदावर छापून ठेवली होती आणि तो कागद पिशवीत होता. तिथेच उभे राहून अंक भरले आणि लॅपटॉप सुरू झाला. डेटा जाणार असे ग्राहकाला सांगण्यापूर्वी की आहे का एवढे विचारणेही त्यांना सुचू नये, याचा राग मला अजून येतो. माझ्याजागी कुलवृत्तांताचे काका असते तर त्यांचे सगळे काम त्या एका वाक्यासरशी पुसले गेले असते.

खरा कळस पुढे आहे. अपडेटचा संदेश पार्टिशनबद्दल आहे हे मी पुन्हा सांगितले, तेव्हा इंजिनिअरने डिस्क मॅनेजमेंट उघडले आणि १०० एमबीच्या ईएफआय पार्टिशनवर (संदेशातले पार्टिशन ते हेच) बोट ठेवले. तिथे शंभर टक्के मोकळे असे दिसत होते. “देखिए सर, पार्टिशन तो पूरा खाली है, एसएसडी ही जा रही है.” लगोलग नव्या एसएसडीचे, म्हणजे साठवणीच्या डिस्कचे, अंदाजपत्रक माझ्यापुढे आले. मी सेटिंग्जमध्ये स्टोरेजच्या आत डिस्कचे आरोग्य उघडून दाखवले. तिथे एसएसडीचे शिल्लक आयुष्य उत्तम दिसत होते. त्यावर उत्तर मिळाले की कंपनीची पद्धत हीच आहे. मी लॅपटॉप उचलला आणि घरी आलो.

आता ते शंभर टक्के कसे ते सांगतो, कारण या एका आकड्याने माझ्यासारखे कितीतरी लोक फसले असतील. ईएफआय पार्टिशनला विंडोज ड्राइव्हचे अक्षर देत नाही, आणि अक्षर नसलेल्या त्या पार्टिशनच्या आत काय आहे हे डिस्क मॅनेजमेंट मोजतच नाही. त्यामुळे ते पार्टिशन काठोकाठ भरलेले असले तरी तिथे ते पूर्ण मोकळेच दिसते. खरा आकडा पाहायचा असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा, माउंटव्हॉल या आदेशाने त्या पार्टिशनला वाय हे अक्षर द्यावे (अक्षरानंतर कोलन, जागा, तिरकी रेघ आणि एस), आणि मग डीआयआर आदेशाच्या शेवटच्या ओळीत किती बाइट मोकळे आहेत ते वाचावे. फाइल एक्सप्लोररमधून तिथे जाऊ पाहाल तर परवानगी नाही असे उत्तर मिळेल. काम कमांड प्रॉम्प्टवरूनच करावे लागते.

मुळात तिथवर पोहोचलो ते सेटअपच्या नोंदींमुळे. अपडेट फसले की सी ड्राइव्हवर डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे एक दडलेले फोल्डर मागे राहते, त्यात सोर्सेस आणि त्याच्या आत पँथर. तिथली सेटअपएरर नावाची लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडते. फाइल लांबलचक असते, पण शेवटाकडून वाचत आले तर काम होते. माझ्या फाइलमध्ये सिस्टिम पार्टिशनवर पुरेशी जागा नाही अशा अर्थाची ओळ स्पष्ट होती. जे वाचायला मला चहा संपेपर्यंतचा वेळ लागला, ते अधिकृत केंद्रात कोणी उघडूनही पाहिले नाही.

अक्षर देऊन पाहिले तेव्हा पार्टिशनमध्ये जेमतेम काही एमबी उरले होते, आणि अशा अपडेटला तिथे साधारण १५ एमबी तरी मोकळे लागतात. जागा कोणी खाल्ली होती? मायक्रोसॉफ्ट आणि बूट या नावांची फोल्डरे होती, ती असणारच. त्यांच्या शेजारी लॅपटॉपच्या उत्पादक कंपनीच्या नावाचे फोल्डर होते आणि त्यात फर्मवेअरच्या (यंत्राच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) जुन्या प्रती साठल्या होत्या. म्हणजे ज्या कंपनीच्या केंद्रात मला नवी एसएसडी घ्या असे सांगत होते, त्याच कंपनीच्या फायलींनी वाट अडवली होती.

काहीही पुसण्यापूर्वी बिटलॉकरचे संरक्षण तात्पुरते थांबवावे, नाहीतर पुढच्या सुरुवातीला पुन्हा ४८ अंक भरण्याची वेळ येऊ शकते. नंतर मी त्या जुन्या प्रती पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि पार्टिशनमधून काढल्या. मायक्रोसॉफ्ट आणि बूट ही फोल्डरे मुळीच काढू नयेत. त्यांच्याशिवाय यंत्र सुरूच होणार नाही. मात्र मायक्रोसॉफ्टच्या आतल्या बूटमध्ये फाँट्स नावाचे एक उपफोल्डर असते आणि त्यातल्या फायली पुसलेल्या चालतात. रात्रंदिवस देवनागरीत काम करणाऱ्याच्या पोटात हे नाव वाचून गोळा येतो, म्हणून मी प्रत्येक फाइलचे नाव पाहिले : चिनी, जपानी, कोरियन आणि रोमन लिपींचे, फक्त सुरुवातीच्या पडद्यांसाठी लागणारे फाँट होते, देवनागरीचा एकही नव्हता. आपले मंगल आणि निर्मला यूआय विंडोजच्या स्वतःच्या फाँट्स फोल्डरमध्ये, सी ड्राइव्हवर असतात आणि त्यांना याने धक्का लागत नाही. दोन्ही मिळून पुरेशी जागा झाली. काम झाल्यावर माउंटव्हॉलनेच वाय हे अक्षर काढून टाकावे (या वेळी एसच्या जागी डी). अपडेट पुन्हा सुरू केले आणि ते एकही अडथळा न येता पूर्ण झाले. पडद्यावर नवी आवृत्ती दिसली तेव्हा झालेला आनंद मी लपवणार नाही.

आता आवृत्तीविषयी. देवनागरीची चाचणी मी सर्वांत आधी घेतली. मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून आहे. तो आणि इन्स्क्रिप्ट हा प्रमाणित देवनागरी कीबोर्ड असे दोन्ही लावून ‘वाऱ्यावर सुऱ्या परजणाऱ्या ॲडव्होकेटांनी कॅलेंडर पाहिले’ ही माझी नेहमीची ओळ टाइप केली. ऱ्य आणि ॲ ही अक्षरे नोटपॅड, एज आणि लिब्रेऑफिस या तिन्हींत जशीच्या तशी उमटली. ज्येष्ठ मंडळींसाठी मला हवा होता तो निर्वाळा मिळाला.

२३एच२ वरून येणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : २४एच२ पासून वर्डपॅड काढून टाकलेले आहे. ज्यांची पत्रके आरटीएफ या वर्डपॅडच्या फाइल-स्वरूपात आहेत त्यांनी लिब्रेऑफिस आधीच टाकून घ्यावे, कारण नोटपॅडमध्ये ती फाइल उघडली तर ठळक अक्षरे आणि मांडणी दिसण्याऐवजी नुसती चिन्हांची गर्दी दिसते. दैनंदिनीच्या काकांची जुनी वर्षे याच स्वरूपात होती. २५एच२ मध्ये पॉवरशेल २.० आणि डब्ल्यूएमआयसी ही आदेश देण्याची जुनी साधनेही काढली आहेत. घरच्या वापरात त्याने काही बिघडत नाही, मात्र जुनी हिशेबाची किंवा बॅकअपची स्क्रिप्ट कोणी बनवून दिलेली असेल तर ती तपासावी.

मला सर्वांत मोलाची वाटली ती क्विक मशीन रिकव्हरी, जी २४एच२ मध्येही ऑगस्ट २०२५ पासून येऊ लागली. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले होते आणि त्यांपैकी अनेक यंत्रांपाशी माणूस पाठवावा लागला होता. आता यंत्र सुरूच होईनासे झाले तर ते रिकव्हरीत जाऊन नेटवर्कला जोडून घेते आणि त्या बिघाडावर उपाय उपलब्ध असेल तर तो स्वतः उतरवते. होम आवृत्तीत ही सोय आधीपासून चालूच असते. विंडोज कोसळल्यावर येणारा निळा पडदाही आता काळा झाला आहे. घरात कोणी घाबरून फोन केला तर हे ठाऊक असावे.

याच संदर्भात आणखी एक. माझ्याकडे दिसते ते शेजारच्यांकडे दिसत नाही, अशी विचारणा वारंवार होते. दोघांची आवृत्ती अगदी एक असली तरी नवी वैशिष्ट्ये टप्प्याटप्प्याने चालू केली जातात, त्यामुळे काही दिवस हा फरक राहतो. त्यासाठी पुन्हा इन्स्टॉल करण्याचे किंवा कोणाला पैसे देण्याचे कारण नाही.

जुन्या आवृत्तीकडे परत जाण्याची मुभा पूर्ण अपडेटनंतर दहा दिवसच असते. डीआयएसएम आदेशाने ती साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ते त्या दहा दिवसांच्या आतच करावे लागते. आणि कोणी पेनड्राइव्हवरून २४एच२ टाकून देत असेल तर ती प्रत केव्हाची आहे हे जरूर विचारावे : ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ ची सुरक्षा अपडेटे अंतर्भूत करून बनवलेल्या माध्यमावरून इन्स्टॉल केलेली काही यंत्रे पुढची सुरक्षा अपडेटे घेईनाशी झाली होती. आमच्याकडे दुकानांत जुनेच पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे फिरत असतात, म्हणून हे सांगणे भाग आहे.

सर्व्हिस सेंटरला मी लॉगमधली ती ओळ, पार्टिशनचा खरा आकडा दाखवणारा फोटो आणि जॉब शीटची प्रत जोडून लेखी तक्रार दिली आहे आणि तपासणीचे शुल्क परत मागितले आहे. पोच मिळाली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.